शनिवारच्या निकालांचा रकाना

जुन्या अमेरिकी वृत्तपत्रांची पाने यंत्राकडून वाचून घेतली जातात आणि यंत्राने केलेल्या चुका काढण्याचे काम बरेचसे आपल्याकडे होते, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. मी पुण्यात हेच काम करते. एका पडद्यावर मायक्रोफिल्मवरून घेतलेली पानाची प्रतिमा असते, दुसऱ्यावर यंत्राने ओळखलेला मजकूर, आणि जिथे यंत्राला स्वतःच्या वाचनाची खात्री नसते तिथे पिवळी खूण. मथळे आणि अग्रलेख यंत्र बरे वाचते. खरा कस लागतो तो बारीक टायपातल्या रकान्यांत. बाजारभाव, जहाजांच्या वेळा आणि हिवाळ्याच्या तोंडावरच्या रविवारच्या अंकांतले कॉलेज फुटबॉलचे, म्हणजे अमेरिकी पद्धतीच्या फुटबॉलचे, निकाल इथे असतात. तिथे फक्त संघाचे नाव आणि आकडा असतो. वाक्यच नसल्यामुळे आजूबाजूच्या शब्दांवरून काही ठरवता येत नाही. इंग्रजी सहाची शेंडी छपाईत उडाली की त्याचे शून्य होते आणि पोटात शाई भरली की आठ. हे प्रकार डोळ्यांत बसायला वर्षे लागतात, पण आमच्याकडे नव्या मुलामुलींना हाच रकाना पहिल्यांदा देतात, कारण त्यात शब्द कमी असतात.

ज्या दिवसाबद्दल लिहिते आहे त्या दिवशी एका दैनिकाचे १९२१ च्या शेवटच्या महिन्यांचे अंक तपासायला आले होते. ३० ऑक्टोबरच्या अंकात सेंटर शून्य, हार्वर्ड शून्य असे यंत्राने वाचले होते आणि पहिल्या शून्यावर पिवळी खूण होती. शेजारी बसणारी मुलगी म्हणाली, "ताई, हार्वर्ड म्हणजे तेच मोठे विद्यापीठ ना? मग सहा असलेच तर त्यांचेच असतील." तिचा तर्क चुकीचा म्हणता येत नाही. सेंटर हे केंटकीतल्या डॅनव्हिल गावचे जेमतेम तीनशे विद्यार्थ्यांचे कॉलेज, तर हार्वर्ड १९१९ आणि १९२० या दोन्ही हंगामांत अपराजित राहिलेले. १९२० मध्ये याच सेंटरला त्यांनी ३१–१४ असे हरवले होते. पण या रकान्यात जिंकलेल्या संघाचे नाव आधी छापण्याची पद्धत दिसत होती. शिवाय त्याच पानावर सामन्याचा सविस्तर वृत्तान्त होता. तिसऱ्या सत्रात सेंटरचा बो मॅकमिलिन बचाव चुकवत सुमारे बत्तीस यार्ड धावत गेला, टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेण्याचे, सहा गुण मिळाले आणि त्यानंतरची एका गुणाची किक हुकली. ती किक बसली असती तर आकडा सात झाला असता. वृत्तान्त आणि रकाना एकमेकांशी जुळले, मी सहा लिहिले आणि ती ओळ मार्गी लागली. पुढे १९५० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने केलेल्या मतदानात हा निकाल अर्धशतकातला फुटबॉलमधला सर्वांत मोठा धक्का ठरला. इतक्या गाजलेल्या सामन्याची साक्ष द्यायला पानावर हवा तेवढा मजकूर असतो.

अडचण आली ती त्याच महिन्यातल्या आधीच्या एका अंकात. सेंटर विरुद्ध ट्रान्सिल्वेनिया, म्हणजे शेजारच्या लेक्सिंग्टनमधले कॉलेज. फिल्मवर आडवा ओरखडा होता आणि सेंटरच्या दोन आकड्यांपैकी पहिल्याचा वरचा अर्धा भाग त्यात गेला होता. दुसरा आकडा स्वच्छ आठ. पहिल्याचा फक्त खालचा, डावीकडे वळणारा बाक उरला होता, आणि त्या टायपात तीन, पाच व नऊ या तिघांचाही खालचा बाक सारखाच असतो. यंत्राने तो आकडा धूळ समजून सोडून दिला आणि नुसता आठ वाचला. प्रतिमा मोठी करून, उजेड कमीजास्त करून पाहिला, त्याच रकान्यातले शाबूत तीन, पाच आणि नऊ शेजारी ठेवून पाहिले. निवाडा झाला नाही. या सामन्याचा वृत्तान्त त्या दैनिकाने छापलेलाच नव्हता.

मग मी मागचे-पुढचे अंक चाळले. सेंटरचे बाकीचे निकाल सापडले: क्लेमसनवर १४–०, व्हर्जिनिया पॉलिटेक्निकवर १४–०, सेंट झेवियरवर २८–६, हार्वर्डवर ६–०, केंटकी विद्यापीठावर ५५–०, ऑबर्नवर २१–०, वॉशिंग्टन अँड लीवर २५–० आणि तुलेनवर २१–०. डिसेंबरच्या एका अंकात संघाच्या नियमित हंगामाची बेरीज दिली होती, केलेले गुण २८२ आणि दिलेले ६. माहीत असलेल्या आठ सामन्यांचे गुण १८४ होतात. उरतात ९८. तीन नाही, पाच नाही, नऊच.

आमच्या वरिष्ठांनी ते मान्य केले नाही. नियम असा आहे की आकडा ज्या प्रतिमेत आहे, पुरावा त्याच प्रतिमेतला हवा; नसेल तर न वाचता आलेल्या अक्षराची खूण करावी. ते म्हणाले, "मॅडम, तुमचे गणित बरोबर आहे, पण आपण हंगामाचा इतिहास लिहीत नाही, पान उतरवतो आहोत." या म्हणण्यात तथ्य आहे, आणि त्याचमुळे हे प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही. त्या रविवारी छापखान्यातच आकडा चुकला असेल आणि कागदावर खरोखर ५८ छापले असेल, तर माझे ९८ त्या पानाशी प्रामाणिक राहणार नाही. पण हा नियम करणाऱ्यांनी निकालांचा रकाना डोळ्यांसमोर ठेवला नव्हता, असे माझे स्पष्ट मत आहे. एका प्रतिमेपुरता पुरावा म्हटले की ज्यावर चार रकाने लिहिले गेले तो सामना तरतो आणि ज्याला एकच ओळ मिळाली तो पुसट राहतो. सेंटरचा त्या वर्षीचा पराक्रम एका दुपारपुरता नव्हता. तुलेनच्या सामन्यापर्यंत सेंट झेवियर वगळता कोणालाही त्यांच्यावर एक गुण मिळवता आला नव्हता, आणि हे कळते ते फक्त बारीक टायपातून. डॅलसला २ जानेवारी १९२२ रोजी टेक्सास ए अँड एमने त्यांना २२–१४ असे हरवले, त्या सामन्याच्या पानावर मात्र पुराव्याची ददात नव्हती.

मी लेखी मागणी केली आहे की त्याच दैनिकाच्या त्याच हंगामातल्या दुसऱ्या अंकाचा पुरावा ग्राह्य धरावा, मूळ ओळीत खूण तशीच ठेवावी आणि अनुमानित आकडा, कोणत्या अंकावरून काढला त्या नोंदीसह, वेगळ्या रकान्यात द्यावा. शोधणाऱ्याला दोन्ही मिळतील आणि पानाशीही प्रतारणा होणार नाही. मागणी ग्राहकाकडे गेली आहे. तोवर ट्रान्सिल्वेनियाच्या ओळीत एक खूण आणि एक आठ आहे.