तुम्ही विचारलंत म्हणून: गाव सोडलं, मग मंडळ कशाला?

पोळ्याला गावी गेलो की पारावर हा प्रश्न ठरलेला. पुण्यातही विचारतात. गाव सोडलंत, मग गावाच्या नावानं वर्गणी कशाला? गावाला काही उपयोग होतो का?

होतो. पण पहिली दोन वर्षं झाला नाही.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. कपाशी, सोयाबीन, तूर, सगळं पावसाच्या भरवशावर. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत आम्ही गावचे चाळीसेक जण, आमचंच हे मंडळ, महिन्याला दोनशे रुपये वर्गणी. पहिल्या पैशातून काय केलं, तर कमान! तिच्यावर मंडळाचं नाव गावाच्या नावापेक्षा मोठं. दुसऱ्या वर्षी पिण्याचं पाणी शुद्ध करणारं आरओ मशीन बसवलं, ते उन्हाळ्याआधीच बंद पडलं. लाईट बिल कुणी भरायचं, हे ठरलंच नव्हतं. काका म्हणाले, "इचारलं कोनाले होतं तुमी? मशीन ठेवलं अन् गेले. बिल कोन भरन?"

सरपंचांना वेगळीच शंका, ही पोरं निवडणुकीची तयारी करताहेत म्हणून. आमच्यातल्या एकाच्या मनात ते होतंही, खोटं कशाला बोलू.

कोकणातल्या माणसांची मुंबईत गिरण्यांच्या काळापासून गावोगावची मंडळं आहेत. त्यांचा हिशेब मुरलेला आणि भांडणंही. आम्ही नवखे. मग मेक्सिकोबद्दल वाचलं. तिथले लोक अमेरिकेत राबतात, आपापल्या गावाचे क्लब चालवतात. २००२ मध्ये तिथल्या केंद्र सरकारनं योजना आणली होती: क्लबनं एक पेसो दिला की केंद्र, राज्य आणि स्थानिक पालिका प्रत्येकी एक घालायचे. चौपट पैसा व्हायचा हे खरं, पण मला भावलं ते दुसरंच. चार वाटेकरी असले की वर्गणीवाला एकटा मालक होत नाही.

आमच्यामागे सरकार नाही, पण ग्रामसभा आहे. आता २६ जानेवारीला मंडळाचे दोघं तिथं जाऊन बसतात. ठराव झाला तरच पैसा. तलावाचा गाळ काढला तेव्हा जेसीबीचं डिझेल आमचं आणि गाळ ज्याच्या वावरात जाईल त्याचा ट्रॅक्टर. बंद मशीन बचत गटाच्या बायांनी मागून घेतलं. पाच रुपयांत वीस लिटरचा कॅन देतात, त्यातूनच बिल भरतात. मशीन चालू आहे.

कॉलेजला जाणाऱ्या मुलींसाठी एसटी थांब्यावर शेड हवी, असा ठराव यंदा झालाय. वर्गणी अजून पुरी जमली नाही. तोवर त्या कमानीच्या सावलीत उभ्या राहतात.