‘कुत्रा चालतो’ यावर विश्वास ठेवून कोकणात जाऊ नका

मी, धाकटी बहीण आणि भुंगा. भुंगा म्हणजे आमचा गावठी कुत्रा, वजन 22 किलो, गाडीत शहाणा, फटाक्यांना घाबरतो. पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव, मग दिवेआगर, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीबोटीने वेश्वी, पुढे दापोली तालुका, शेवट गुहागर. पहिले दोन दिवस छान गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तिसरी रात्र मात्र सांगायलाच हवी. किनाऱ्यालगतची तंबूवाली जागा, फोनवर ठरवलेली. “दादा, कुत्रा चालेल ना?” “बिनधास्त आणा ताई, आमच्याकडेपण दोन आहेत!” खरं तर तिथेच फोन ठेवायला हवा होता. ते दोघे मोकळे होते आणि भुंग्याला गाडीतून पाय खाली टाकू देईनात. मालक हसत म्हणाले, “ओळख होईल हो.” झाली नाही. मग कळलं, तंबूत कुत्रा नाही, माडाला बांधायचा. वर पाहिलं तर नारळांचा घड लटकलेला. शिवाय कुत्र्याचे 600 रुपये वेगळे, ‘स्वच्छतेचे’. माड कोण धुणार होतं? वाद घालून 300 वर आणले आणि रात्रभर तिघं गाडीत बसलो. काचा दोन बोटं खाली, दमट हवा, डास आणि मानेवर भुंग्याची धाप. तीनच्या सुमारास बहीण म्हणाली, “मीच जाते माडाखाली.”

तर ‘कुत्रा चालतो का’ हा प्रश्नच विचारू नका. कोकणात कुत्रा सगळ्यांना चालतो, अंगणात. विचारायचं ते हे: झोपणार कुठे, तुमचे कुत्रे रात्री बांधता का, आणि त्याचे वेगळे पैसे किती. उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. तंबूपेक्षा पडवी असलेलं घर केव्हाही बरं. गुहागरला घरमालकीणबाईंनी न सांगता पडवीत गोणपाट टाकलं, एक पैसा जास्त घेतला नाही.

थांब्यांचं सांगते. ताम्हिणीत धबधब्यांपाशी थांबू नका. गर्दी, वर माकडं. कातळसड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, मोकळं रान असतं, पण सकाळी नऊच्या आत. नंतर जांभा दगड इतका तापतो की पंजे भाजतात. आपला तळहात टेकवून बघा, ठेवता आला नाही तर कुत्र्याला उतरवू नका. दगडांच्या खाचीत नाक घालू देऊ नका, तिथे फुरसं, विषारी साप, असतं. फेरीबोटीत आम्ही गाडीतच बसलो. लोखंडी फळी आदळल्यावर भुंगा सीटखाली गेला तो उतरेपर्यंत तिथेच. तरी दाभोळ–धोपावे फेरीबोट सोडू नका, नाहीतर चिपळूणचा वळसा पडतो.

किनाऱ्यावर सगळ्यात वाईट म्हणजे केंड. जाळ्यातून फेकून दिलेला, फुगलेला, काटेरी मासा. विषारी असतो, सुकल्यावरसुद्धा. गुहागरला भुंग्याच्या तोंडातून एक ओढून काढला, हात अजून थरथरतोय असं वाटतं. म्हणून किनाऱ्यावर दोरी सोडायची नाही, कितीही रिकामा दिसला तरी. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत कासवं अंडी घालतात, त्या दिवसांत वेळाससारख्या किनाऱ्यावर कुत्रा नेऊच नका. अंडी उकरायला कुत्र्यांना क्षणही लागत नाही. गोडं पाणी पाच लिटर जवळ हवं. समुद्राचं प्यायला की तासाभरात सीट खराब. रेबीजच्या लसीचा कागद ठेवा. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर मिळाले तरी त्यांचा हात गाईम्हशींवर बसलेला असतो, तेव्हा उलटीची आणि गोचिडीची औषधं घरूनच न्या.

परवा त्या तंबूवाल्या दादांचा मेसेज आला. “ताई, पाच स्टार टाका ना. आणि भुंग्याचा फोटो पाठवा, जाहिरातीत लावतो.”