धरण कुणाच्या नावावर? माझा अनुभव

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेला आमची सोसायटी एका तळ्याभोवती आहे. तळं नैसर्गिक नाही, मातीचा भराव घालून ओढा अडवलेला, केवळ मासेमारी आणि होड्यांसाठी. राज्याच्या धरण सुरक्षा विभागाचं पत्र आलं आणि कळलं की खालच्या अंगाला नवी घरं झाल्यामुळे आमचं धरण पहिल्या वर्गात गेलंय. म्हणजे फुटलं तर माणसं दगावण्याची शक्यता. धरण किती मजबूत आहे यावर हा वर्ग ठरत नाही, खाली कोण राहतं यावर ठरतो. हे मीटिंगमध्ये घसा बसेपर्यंत सांगावं लागलं.

इंजिनिअर मिळाला, पाहणी झाली. घोडं अडलं ते मालकीपाशी.

भरावाची जमीन एचओएच्या, म्हणजे आमच्या घरमालक संघाच्या नावावर नव्हतीच! ती बिल्डरच्या कंपनीच्या नावावर, आणि कंपनी कधीच बंद झालेली. मग दुरुस्तीच्या अर्जावर सही कोण करणार, बँक कर्ज कुणाला देणार? काही शेजारी म्हणाले, नाव नाही तर जबाबदारीही नाही, गप्प राहू. याचा मला आजही संताप येतो. ह्याच जॉर्जियात टोकोआला ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे केली बार्न्स धरण फुटून ३९ जण गेले. तेही मातीचंच, एका खाजगी कॉलेजचं, वीजनिर्मिती थांबल्यावर नुसतं तळं म्हणून उरलेलं. त्यानंतर धरण सुरक्षेचा १९७८ चा कायदा आला. मी पुण्याची, पानशेतच्या आठवणी आईकडून ऐकत वाढलेली. मला गप्प बसणं शक्यच नव्हतं.

वकिलाने बिल्डरचा हयात भागीदार टेक्सासात शोधला. भला माणूस, क्विटक्लेम डीडवर, म्हणजे जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या दस्तावर, लगेच सही दिली. आमच्या काउंटीच्या नोंदणी कार्यालयाने ते परत पाठवलं. जॉर्जियात नोटरीशिवाय आणखी एक साक्षीदार लागतो, तो नव्हता. पुन्हा टेक्सास, पुन्हा सही. पुन्हा परत: हस्तांतर कराचा पीटी-६१ फॉर्म जोडलेला नाही. प्रत्येक वेळी कागदाला एका ओळीची चिठ्ठी टाचलेली. पहिल्याच चिठ्ठीत दोन्ही गोष्टी लिहिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? तोवर पावसाळी वादळांचे दिवस येऊन ठेपले होते आणि भरावाच्या पायथ्याशी बूट रुतेल इतकी ओल होती. मी रोज जाऊन पाणी बघायचे. पाझर नितळ असेल तर लक्ष ठेवायचं, गढूळ असेल तर आतली माती वाहतेय, लगेच इंजिनिअरला फोन करायचा. सुदैवाने नितळच राहिलं.

अखेर डीड नोंदलं गेलं. बुक आणि पान क्रमांक असलेली प्रत हातात आली तेव्हा मी गाडीत बसून रडले.

तळ्याकाठी घर घेणार असाल तर आधी प्लॅट, म्हणजे जमिनीच्या हद्दींचा नोंदणीकृत नकाशा, काढून बघा, भराव आणि सांडवा कुणाच्या हद्दीत येतो ते. जुन्या धरणांत निचऱ्याचा पाईप बहुधा पन्हळी पत्र्याचा असतो, तो आतून गंजतो, वरून काही दिसत नाही. कॅमेरा घालून तपासून घ्या. आणि हो, भरावावरची मोठी झाडं स्वतः तोडू नका. मुळं कुजली की त्याच पोकळीतून पाणी वाट काढतं. मुळांसकट काढून खड्डा कसा भरायचा ते इंजिनिअरकडून लिहून घ्या, मगच माळ्याला बोलवा.