आमची वाटचाल : पाट्या कमी करणारं पाट्यांचं दुकान

बाबा मिरकरवाडा बंदरात बोटींची नावं रंगवायचे. लांबून, हलत्या पाण्यावरही वाचता यायला हवं, म्हणून अक्षर ठसठशीत आणि रंग दोनच. फ्लेक्स आल्यावर ब्रशचं काम आटलं. मी प्लॉटर, म्हणजे स्टिकरमधून अक्षरं कापणारं मशीन घेतलं, दुकानांचे बोर्ड केले. त्यात सांगण्यासारखं फार काही नाही.

मग रत्नागिरीतल्या एका खासगी हॉस्पिटलचं काम आलं. पाट्यांची यादी भलीमोठी, आणि आमचा दर चौरस फुटावर, म्हणजे जितक्या पाट्या तितका धंदा! तरी आधी पेशंटच्या नातेवाइकांसोबत दारापासून एक्स-रेपर्यंत चालून पाहिलं. माणूस अडतो तो जिन्याशी, लिफ्टबाहेर आणि पॅसेज फुटतो तिथे. मधल्या भिंतींकडे कुणी बघतही नाही. यादी बरीच छाटली आणि तेव्हापासून पाहणी-आराखड्याचे पैसे वेगळे लावतो. "चालायचे कसले पैसे?" हा प्रश्न अजून ऐकतो. सोनोग्राफीबाहेरची 'गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी मात्र छाटता येत नाही, ती कायद्यानेच लागते.

देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार. जागा जास्त लागते. दहा मीटरवरून वाचायचं तर मूळ अक्षर (वेलांटी-उकार सोडून) तीन-चार सेंटिमीटर उंच तरी ठेवतो. फॉन्ट बहुतेक वेळा 'एक टाइप' या अक्षरं घडवणाऱ्या संस्थेचा मुक्ता, कारण त्यात मराठी-इंग्रजी शेजारी नीट बसतात. वाट दाखवणाऱ्या जमिनीवरच्या पट्ट्यांना पिवळा, लाल, निळा टाळतो. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत ते रंग पिशव्या-डब्यांना ठरलेले आहेत. भिंतीवर लाल फक्त तातडीच्या विभागाला, हिरवा बाहेर पडायच्या वाटेला.

खाऱ्या हवेचं गणित वेगळंच. लोखंडी फ्रेम बघता बघता गंजते, 304 या नेहमीच्या स्टेनलेस स्टीलवरही तपकिरी डाग पडतात. म्हणून बाहेर ॲल्युमिनियम आणि 316 चे, म्हणजे खाऱ्या हवेत जास्त टिकणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. महाग पडतं, गिऱ्हाईक कुरकुरतं. पण स्वस्तातलं मी लावत नाही.

सध्या चिपळुणात एका हॉस्पिटलचं काम चालू आहे. जुलै 2021 च्या पुरानंतर तिथे तळमजल्यावर महागडी मशिनं ठेवायला लोक कचरतात, त्यामुळे विभाग वर-खाली हलतात. आम्ही नावाची पट्टी सरकवून काढता येईल अशी केली आहे. विभाग हलला की फक्त पट्टी बदलायची, फ्रेम तीच. बदलायचं काम त्यांच्याच वॉर्डबॉयला शिकवून ठेवलंय.