माणसं अशी पळत नव्हती

“आजोबा, हे लोक असे तुरुतुरु का चालतात?” बडोद्याच्या कलाभवनाजवळच्या चहाच्या टपरीवर एक पोरगा मोबाइलवर जुना मूकपट बघून हसत होता. आजोबाही हसले. “तेव्हाचा कॅमेराच तसला.”

हे वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

कॅमेऱ्याचा दोष नाही हो! दांडा हातानं फिरवायचा, सेकंदाला दोन फेरे, फेऱ्याला आठ चौकटी, म्हणजे आठ चित्रं. झाल्या सोळा. तीच फिल्म चोवीसच्या वेगानं दाखवली की माणसं दीडपट वेगानं धावणारच.

आणि कॅमेऱ्याला दोष दिला तोही कुठे? जिथं दादासाहेब फाळके शिकले, त्या कलाभवनाजवळ!

फिल्म पुढे सरकते ती कडेच्या भोकांत दाते अडकून; पण कोरी फिल्म फाळक्यांना भोकांशिवाय मिळायची. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून ती भोकं पाडायच्या, प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार. एखादं जरा सरकलं की पडद्यावर चित्र उडी मारणार. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ साधारण ३,७०० फुटांचा, म्हणजे सोळाच्या वेगानं तासाभराचा. फुटाला सोळा चौकटी. करा हिशोब त्या भोकांचा.

माणसं पळताना दिसली तर मोबाइलवर वेग ०.७५ करून तोच तुकडा पुन्हा बघाल?