आमच्या मोटरला बीजिंगची परवानगी

सकाळी सहाला फोन बघितला तर चीनमधल्या निंगबोच्या पुरवठादाराचा मेल येऊन पडला होता. मे 2025 मधली गोष्ट. मिशिगन आणि चीन यांच्यात उन्हाळ्यात बरोब्बर बारा तासांचा फरक असतो. तिकडचे लोक घरी जायला निघतात तेव्हा माझा दिवस उजाडतो. चुंबकांच्या निर्यात परवान्यासाठी केलेला आमचा अर्ज त्यांच्या वाणिज्य मंत्रालयाने 'माहिती अपुरी' म्हणून परत पाठवला होता, आणि आता काय काय हवं ते खाली लिहिलं होतं. मोटरचे फोटो. चुंबक मोटरमध्ये नेमकं कुठे बसतं त्याची आकृती. असेंब्ली लाइनचे फोटो. मोटर कुठल्या गाडीत जाते, वर्षाला किती जातात. आणि सगळ्यात शेवटी: तुमच्या कंपनीचे लष्करी ग्राहक आहेत का, असल्यास कोण?

या शेवटच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मला माहीत नव्हतं, आणि त्या कामाचे तांत्रिक तपशील बघायला मला कायद्याने मनाई होती.

आमची कंपनी डेट्रॉइटच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगच्या मोटरी बनवते. मी पर्चेसमध्ये आहे. चाकणला असतानाही हेच करत होते. इमारतीच्या टोकाला एक दार आहे, त्याला वेगळं कार्ड लागतं. दारापलीकडे संरक्षण खात्यासाठी काहीतरी बनतं. काय, ते मला ठाऊक नाही. मी एच-वन-बी व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत उभी असलेल्या लाखो भारतीयांपैकी एक. परदेशी माणसाला तसलं ड्रॉइंग नुसतं दाखवलं, तेही याच इमारतीत, तरी अमेरिकी कायद्याच्या लेखी ती निर्यात ठरते. म्हणजे ज्या दारापलीकडे वॉशिंग्टन मला डोकावू देत नव्हतं, त्याच्या पलीकडचंच बीजिंग मला विचारत होतं.

मागचा संदर्भ थोडक्यात सांगते. 2 एप्रिलला ट्रम्प यांनी चिनी मालावर 34 टक्के जादा आयातशुल्क जाहीर केलं. 4 एप्रिलला चीनने उत्तर दिलं: समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोशियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि इट्रियम या सात दुर्मीळ मृदा (रेअर अर्थ) मूलद्रव्यांना आणि ती वापरून केलेल्या चुंबकांना निर्यात परवाना सक्तीचा. त्याच दिवशी 16 अमेरिकी कंपन्यांना लष्करी कामात वापरता येईल असा माल विकायलाच मनाई केली. पुढे सगळ्यांचं लक्ष शुल्काच्या आकड्यांवर. ते 145 टक्क्यांपर्यंत चढले, मग 12 मे रोजी जिनिव्हाच्या समझोत्यात उतरले. आम्हालाही शुल्क जाचत होतंच, पण शुल्क म्हणजे शेवटी पैसे, आणि पैशावरून ग्राहकाशी भांडता येतं. मालच नसेल तर भांडायचं कशावर?

आमचं चुंबक म्हणजे करंगळीच्या पेरापेक्षा थोडा मोठा, किंचित वक्र, राखाडी तुकडा. येतो तेव्हा त्यात चुंबकत्व नसतंच. रोटरवर, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागावर, चिकटवल्यावर आमच्या यंत्रात तांब्याच्या वेटोळ्यातून क्षणभर जबरदस्त करंट सोडतात, ठक् आवाज होतो, आणि त्यानंतर तो रोटर टेबलावरच्या पान्याकडे अशी झेप घेतो की बोट मध्ये आलं तर चेमटलंच. त्यात निओडिमियम, लोखंड, बोरॉन आणि काही टक्के डिस्प्रोशियम असतं. साधं निओडिमियम चुंबक 80 अंश सेल्सियसच्या पुढे ढेपाळायला लागतं. बॉनेटखाली 80 अंशांना कोण विचारतो! आमच्या ड्रॉइंगवर 150 अंश सोसणारी ग्रेड असते, आणि ती गाठायचा नेहमीचा मार्ग म्हणजे डिस्प्रोशियम. ते दक्षिण चीनच्या जियांगशी भागातल्या चिकणमातीतून आणि सीमेपलीकडे म्यानमारच्या काचिनमधून निघतं. वेगळं करून शुद्ध करण्याचं काम जवळजवळ सगळं चीनमध्येच होतं. मोटरच्या एकूण किमतीत या तुकड्यांचा वाटा इतका किरकोळ की वार्षिक आढाव्यात त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे.

नऊ वाजता मीटिंग. डायरेक्टर, क्वालिटी, डिझाइन, फायनान्स आणि कायदा विभागातल्या वकीलबाई. हातातला साठा महिन्याभराचाही नव्हता. फोर्डने शिकागोच्या कारखान्यात एक्सप्लोररचं उत्पादन आठवडाभर बंद ठेवल्याची बातमी ताजी होती, त्यामुळे कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

डिझाइनवाल्यांनी फेराइट चुंबकाचा पर्याय मांडला. फेराइटला निओडिमियम, डिस्प्रोशियम यातलं काहीच लागत नाही, पण त्याची ताकद फारच कमी, मोटर मोठी आणि जड होते, ती आहे त्या जागेत मावत नाही. जागा बदलायची तर गाडी कंपनीची मान्यता, मग उष्णतेच्या, थंडीच्या, टिकाऊपणाच्या चाचण्या. सहज दीड-दोन वर्षं. मग फायनान्सच्या माणसाने वेगळीच वाट दाखवली. त्याने नियम नीट वाचले होते. परवाना चुंबकाला लागतो, तयार मोटरला लागत नाही. तर मग आपले रोटर खोक्यात भरून चीनला पाठवू, तिथेच चुंबक बसवून घेऊ, आणि परत आणू. किंवा सरळ अख्खी मोटरच तिकडून घेऊ.

कोणी हसलं नाही, कारण हिशेब बरोबर होता. पुढे जूनमध्ये कळलं की बड्या गाडी कंपन्याही हाच विचार करत होत्या. कारखाने अमेरिकेत परत आणायचे म्हणून शुल्क लावलं, आणि त्या भांडणातून आमचा उरलासुरला कारखाना चीनला जायची वेळ आली!

आमच्या टीममध्ये निवृत्तीला टेकलेले एक इंजिनिअर आहेत, इंडियानातल्या अँडरसन गावचे. इतका वेळ ते गप्प होते. ते म्हणाले, हे चुंबक इथून वीस मिनिटांवर जन्मलं. खरं आहे ते. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला जपानची सुमितोमो आणि इथल्या वॉरेन गावातली जनरल मोटर्सची प्रयोगशाळा, दोघांनी स्वतंत्रपणे, जवळजवळ एकाच वेळी निओडिमियम चुंबक शोधलं. जीएमने 1986 मध्ये अँडरसनला मॅग्नेक्वेंच नावाने कारखाना काढला. 1995 मध्ये तो विकला. घेणाऱ्यांत दोन चिनी कंपन्या होत्या. काही वर्षांत यंत्रं तियानजिनला गेली, इंडियानातले कारखाने बंद पडले. वॉशिंग्टनने विक्रीला मंजुरी दिली होती. कोणी चोरी केली नाही, कोणी हल्ला केला नाही. स्वस्त पडलं म्हणून गेलं.

आणि चीनवरचं हे अवलंबून असणं फक्त स्टिअरिंगपुरतं नाही. एका एफ-35 विमानात चारशे किलोंहून अधिक दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं असतात असं पेंटॅगॉनचे आकडे सांगतात. 2022 च्या सप्टेंबरात त्या विमानाच्या एका पंपातल्या चुंबकात चिनी मिश्रधातू सापडला म्हणून डिलिव्हरी थांबवली होती. महिन्याभराने राष्ट्रीय सुरक्षेचंच कारण देऊन सूट दिली आणि विमानं तशीच ताब्यात घेतली. दुसरं करणार काय?

इथल्या टीव्हीवर चीनचा धोका म्हणजे जहाजांची मोजदाद: त्यांची 370च्या वर, अमेरिकेची तीनशेच्या आत. तैवानवरून युद्ध झालं तर काय, यावर निवृत्त अ‍ॅडमिरल तासन् तास बोलतात. मला त्यातलं फारसं कळत नाही. पण त्या फॉर्ममध्ये आर्थिक धोका कुठे संपतो आणि लष्करी कुठे सुरू होतो, ते मला दाखवता आलं नसतं. सरसकट बंदी घातली असती तर आम्ही शिव्या देऊन दुसरी सोय बघायला लागलो असतो. परवाना त्याहून धूर्त. नळ बंद नाही, पण चावी त्यांच्या हातात. आणि पाणी हवं तर आधी घरात कोण कोण राहतं ते लिहून द्या. अमेरिकेतली कुठली कंपनी काय बनवते, कोणाला देते, कशावाचून अडते, याची यादी आम्ही सगळे मिळून, आपल्या हाताने भरून देत होतो.

अर्थात ही विद्या चीनने अमेरिकेकडूनच घेतली, हेही बोललं पाहिजे. हुआवे या चिनी दूरसंचार कंपनीची कोंडी केली, ऑक्टोबर 2022 मध्ये प्रगत चिपवर निर्बंध घातले, तेव्हा जगभरच्या कंपन्या असेच फॉर्म वॉशिंग्टनला भरून देत होत्या.

वकीलबाई त्या दारातून आत गेल्या, बऱ्याच वेळाने बाहेर आल्या, आणि मला काहीही सांगितलं नाही. दुपारभर आम्ही दोघी एकेक रकाना लढवत बसलो. आकृती दिली, मापं खोडून. लाइनचा फोटो दिला, पण फिक्श्चर झाकून. शेवटच्या प्रश्नापुढे त्यांनी स्वतः टाइप केलं: 'हा माल केवळ प्रवासी वाहनांच्या स्टिअरिंगमध्ये वापरला जाईल.' विचारलं होतं कंपनीबद्दल, उत्तर दिलं मालाबद्दल. सरकारी फॉर्म भरण्याचा अनुभव त्यांना माझ्याइतका नसावा, पण उपजत जाण चांगली होती.

मग निंगबोहून निरोप: सही चालणार नाही, कंपनीचा गोल शिक्का हवा. शंभर कोटींची उलाढाल करणाऱ्या त्या ऑफिसात एकही रबरी शिक्का नव्हता. डायरेक्टरला वाटलं ते थट्टा करताहेत. मी म्हटलं, अजिबात नाही, शिक्का नसेल तर कागद हलायचा नाही, आणि स्टेशनरीच्या दुकानात जाऊन करून आणला. तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

रात्री चाकणच्या जुन्या साहेबांचा फोन आला. "काय गं, तुमच्या डेट्रॉइटचीही वाट लागली म्हणे?" त्यांचीही तीच रडकथा, वर आणखी एक फेरा. भारतातल्या कंपनीचा कागद आधी दिल्लीला आपल्या सरकारकडून पुढे सरकायचा, मग चिनी दूतावासात, मग बीजिंगला. "तुम्ही महासत्ता, तुमचं लवकर होईल," असं ते म्हणाले ते खरंच ठरलं. आम्हाला जूनमध्ये, लंडनमधल्या अमेरिका-चीन वाटाघाटींनंतर परवाना मिळाला: मागितलेल्यापेक्षा कमी माल, मुदत सहा महिने. तिकडे जुलै-ऑगस्टमध्ये बजाजच्या इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन याच चुंबकांपायी घटलं.

त्यानंतर वॉशिंग्टन हललं. जुलैमध्ये पेंटॅगॉनने कॅलिफोर्नियातली माउंटन पासची खाण चालवणाऱ्या एमपी मटेरियल्समध्ये 40 कोटी डॉलर गुंतवले आणि निओडिमियम-प्रासिओडिमियम या चुंबकांच्या कच्च्या मालाला किलोमागे 110 डॉलरचा हमीभाव दहा वर्षांसाठी दिला. मुक्त बाजारपेठेचे गोडवे गाणाऱ्या देशात हमीभाव! पण त्यांच्या चुंबकांसाठी रांगेत आधी संरक्षण खातं, जीएम, अ‍ॅपल. आमच्यासारख्यांचा नंबर लांब आहे.

9 ऑक्टोबरला चीनने आणखी पाच मूलद्रव्यं यादीत घातली, आणि परदेशात बनलेल्या वस्तूत चिनी दुर्मीळ मृदा 0.1 टक्का असली तरी परवाना लागेल असं जाहीर केलं. 30 ऑक्टोबरला दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले आणि हे नवे नियम 10 नोव्हेंबर 2026 पर्यंत स्थगित झाले. एप्रिलचे नियम उठले नाहीत. डायरेक्टरने बातमी वाचून डिझाइनवाल्यांना विचारलं, फेराइटच्या मोटरच्या चाचण्या कधी संपतील? ते म्हणाले, सगळं सुरळीत झालं तर 2027 च्या मध्यावर. तेव्हा सहामाही अर्जाची फाइल माझ्याकडेच राहणार, असं ठरलं.