पिवळी पिशवी
आज दिवसभर संभाजीनगरला दवाखान्यात होतो. ताईच्या 7 वर्षांच्या लेकराला ब्लड कॅन्सर निघालाय, डॉक्टर त्यातला एएलएल नावाचा प्रकार म्हणले. मला वाटायचं कॅन्सर म्हणजे गाठ, पण हा हाडाच्या मगजात होतो, तिथं कच्च्या पांढऱ्या पेशी एवढ्या वाढतात की चांगलं रक्त बनायला जागाच उरत नाही, म्हणून ताप हटत नव्हता आन पायावर काळेनिळे डाग पडायचे, आन आम्ही खेळताना लागलं असंल म्हणत बसलो. लई जीवाला लागलं ते.

लेकरं यातून बरी होतात म्हणले, बरीच होतात, पण ट्रीटमेंट 2-3 वर्षं, मधी सोडायची नाही. महात्मा फुले योजनेत 5 लाखांपर्यंत बसतं, पण एसटीचं भाडं, खोली, दाजींची बुडालेली मजुरी हे कशात बसवायचं?

संध्याकाळी प्लेटलेट, म्हंजे रक्त वाहायचं थांबवणाऱ्या बारक्या पेशी, चढवल्या. पिशवी लाल नसते, पिवळसर असते, लिंबू सरबतावानी. फ्रीजमधी ठेवत नाहीत, मशीनवर सारखी हलवत ठेवतात, तरी 5च दिवस टिकते, म्हणून साठवून ठेवता येत नाही, माणूसच लागतो. लेकरू ती पिशवी बघत बघत झोपलं, ताईचं बोट धरून.

उद्या सकाळी मी प्लेटलेट द्यायला चाललोय, गावाकडून कोण येतंय का, फोन करा.